समोरच्या बांचं ‘कुळकथाओ’ आणि माझी गुजराती बाराखडी

प्रूफवाली (नौपाडा, ठाणे)

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण आधी थोडं पाल्हाळ लावणार आहे. घाई असलेल्यांनी सरळ शेवटचा परिच्छेद गाठावा.

आमची इमारत पुनर्विकासाला चालली आहे. तीन मजले, नऊ बिऱ्हाडं, त्यातली पाच रिकामी झाली. समोरच्या दारातल्या बा मुलाकडे मुलुंडला जाणार. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचं पुस्तकांचं कपाट बांनी हलवलं नव्हतं. आता हलवावंच लागलं. मागच्या मंगळवारी मी दूध घ्यायला दार उघडलं तर जिन्यात रद्दीवाला तराजू लावून बसलेला आणि बा पायरीवर, मांडीत एक पुस्तक धरून. मला म्हणाल्या, “बेन, तमे तो छापखानावाळां. आ राखो.” म्हणजे, तुम्ही छापखान्यातल्या, हे तुम्ही ठेवा. मी ठेवलं. नको म्हणायला तोंड उघडलं होतं, पण रद्दीवाल्याने तेवढ्यात पुढचा गठ्ठा काट्यावर टाकला.

मी छापखानावाळी हे खरं आहे. ठाण्यातल्या एका छापखान्यात (नाव नको, बंद पडला तेव्हा तीन महिन्यांचा पगार राहिला तो राहिलाच) मी एकतीस वर्षं प्रुफं वाचली. लागले तेव्हा खिळ्यांचा, म्हणजे शिशाच्या सुट्या टाइपांचा, जमाना होता. ओल्या गॅलीची (तपासायच्या कच्च्या छाप्याची) शाई मनगटाला लागायची आणि घरी येऊन भाकरी थापताना पिठात उतरायची. मग ऑफसेट आलं, डीटीपी आलं, शाई गेली, चुका मात्र राहिल्या.

तर पुस्तक. कडेने कसरीने खाल्लेलं, कापडी पाठीचं. मी गुजराती कधी शिकलेली नाही. चहा गार होईपर्यंत मुखपृष्ठाकडे बघत बसले. लेखकाचं नाव लागलं: ‘स्वामी’ स्वच्छ वाचता आलं, पुढे एक अनोळखी अक्षर, मग ‘नंद’. खिळा पडलेलं प्रूफ वाचावं तसं वाचलं आणि ‘आनंद’ भरून टाकलं. पुस्तकाचं नाव मात्र लागेना. एक उकार दिसला, एक ‘था’ दिसला, बाकी सगळे फुटके खिळे. शेवटी बांकडे गेले. त्या म्हणाल्या, ‘कुळकथाओ’.

मग उलटसुलट चौकशी करून एवढं जमवलं. स्वामी आनंद म्हणजे मूळचे हिंमतलाल रामचंद्र दवे. जन्म ८ सप्टेंबर १८८७, सौराष्ट्रात वढवाणजवळचं शियाणी गाव. दहाव्या वर्षी घर सोडून साधूंबरोबर निघाले, पुढे रामकृष्ण मिशनची दीक्षा घेतली. आणि मग हा साधू आला कुठे, तर टिळकांच्या ‘केसरी’त! १९०७ साली. त्यानंतर मुंबईला ‘राष्ट्रमत’ दैनिकाच्या गुजराती आवृत्तीचं काम. १० जानेवारी १९१५ला, म्हणजे गांधी आफ्रिकेहून मुंबईत उतरले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांना भेटले. १९१९ला गांधींनी ‘नवजीवन’ साप्ताहिक हातात घेतलं आणि छापखाना सांभाळायला यांना बोलावून घेतलं. म्हणजे आमच्याच धंद्यातले. गांधींच्याच इंग्रजी ‘यंग इंडिया’ साप्ताहिकातल्या लेखापायी १९२२ला दीड वर्ष तुरुंगात गेले, आणि तेही लेखक म्हणून नव्हे, प्रकाशक म्हणून. ज्याचं नाव शेवटच्या पानावर तळाशी बारीक टाइपात येतं, त्याला सरकार आधी धरतं, हे आमच्या मालकांना फार उशिरा कळलं होतं.

‘कुळकथाओ’ आलं १९६६ला. तोवर स्वामी एकोणऐंशीचे होत आले होते. १९६९ला त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो घेतला नाही. लोकसेवेचे पैसे घ्यायचे नाहीत हे त्यांचं ठरलेलं होतं.

आता प्रश्न. मी चौसष्ट वर्षांची आहे, डोळे बरे आहेत, वेळ आहे. गुजराती वाचायला शिकून थेट याच पुस्तकाला हात घालावा, की आधी दुसरं काही वाचावं? शिकवणी नको, मोबाइलवरचे खेळ नकोत. आणि बा महिनाअखेर चालल्या, तेव्हा विचारायला माणूस समोर आहे तेवढ्यात किती पदरात पडेल?

---

कोलशेतकर

काकू, कशाला एवढा त्रास? फोनचा कॅमेरा पानावर धरा, सरळ मराठीत दिसतं. पाच मिनिटांचं काम.

---

प्रूफवाली

केलं ते, भाच्याने लावून दिलं. पहिल्याच पानावर ‘कुळकथा’चं ‘एकूण कथा’ झालं. फोनला ‘ळ’चा ‘ल’ दिसला असणार. एकतीस वर्षं याच चुका काढून पोट भरलं, आता त्याच वाचत बसू?

---

ठाण्याचाच

“एकूण कथा” वाचून ऑफिसात मोठ्याने हसलो. कुल आणि कुळ, एका ठिपक्याएवढ्या फरकाने सगळं खानदान बेरजेत गेलं.

प्रूफवालीबेन, मी गुजराती, जन्म-शिक्षण ठाण्याचं, शाळा मराठी. घरी वडील रोज ‘जन्मभूमि’ घ्यायचे, त्यामुळे वाचता येतं; लिहिताना मात्र अजून वरची रेघ मारतो आणि बायको हसते. तुम्हाला सांगण्यासारखं थोडं आहे.

लिपीला घाबरू नका. शिरोरेषा पुसली की ग, ट, ठ, ड, ढ, ण, त, थ, न, प, म, य, र, व, श, स, ह ही सगळी तुमचीच माणसं. अनोळखी म्हणाल तर अ, इ, क, ख, ज, झ, फ, ब, भ, ळ. तुमच्या पुस्तकाच्या नावात नेमकी यांतलीच गर्दी आहे, म्हणून अडलात. दोन खड्डे आधीच सांगतो. घ आणि ध: देवनागरीत वरची रेघ त्यांना वेगळं ठेवते, इथे रेघच नाही, त्यामुळे जवळजवळ जुळी भावंडं. आणि पाचचा आकडा व ‘प’. जुन्या बारीक छपाईत साल वाचताना फसाल.

आता पुस्तकाचं. स्वामींपासून सुरू करू नका. खरंच नको. त्यांची गुजराती पाठ्यपुस्तकातली नाही. आम्ही तिला तळपदी म्हणतो, मातीतली, बायकांच्या, शेतकऱ्यांच्या, साधूंच्या तोंडातली, वर हिंदी-मराठीची फोडणी. जुने शब्द, म्हणी, बोलण्याच्या लकबी त्यांनी वेगळ्या जमवून ठेवल्या होत्या. त्या संग्रहाचं नाव ‘जूनी मूडी’. मूडी म्हणजे तुमचं मुद्दल, भांडवल. आम्हालाच कोश लागतो, तुम्ही पहिल्या पानावर पुस्तक मिटून ठेवाल. कुणी झवेरचंद मेघाणींच्या लोककथा, ‘सौराष्ट्रनी रसधार’, सुचवील, तर तीही आत्ता नको. मेघाणींचं काठियावाडी ऐकायला गोड आहे, पण नवशिक्याने वाचायचं म्हणजे पोहायला थेट खाडीत उडी.

माझा सल्ला: गांधींची ‘आत्मकथा’, मूळ गुजराती. भाषा साधी, वाक्यं आखूड, प्रकरणं दोन-तीन पानांची. आणि मुख्य म्हणजे तिचा मराठी अनुवाद तुमच्याकडे असेलच, अप्पा पटवर्धनांचा. डावीकडे गुजराती, उजवीकडे मराठी ठेवा. अडलात की मान वळवा. शिकवणीची गरज नाही.

जाता जाता तुमच्या धंद्यातली गोष्ट. शुद्धलेखनाला गुजरातीत ‘जोडणी’ म्हणतात. पूर्वी जो तो आपल्या मनाने लिहायचा. गांधींच्या आग्रहाने गुजरात विद्यापीठाने १९२९ला जोडणीकोश काढला आणि गांधींनी लिहिलं की यापुढे कुणालाही स्वेच्छेने जोडणी करायचा अधिकार नाही. अहिंसावाल्या माणसाचं हे वाक्य आमच्याकडे शाळेत छडीसारखं वापरतात.

---

प्रूफवाली

अधिकार नाही! हे वाक्य मला त्या काळी कुणी दिलं असतं तर फ्रेम करून टेबलावर लावलं असतं. दर दिवाळीला एक ज्येष्ठ लेखक भांडायला यायचे, “माझ्या ‘कि’ला हात लावायचा नाही.”

---

नेमस्त

थोडी दुरुस्ती सुचवतो. गुजरातीसाठी अकादमी पुरस्कार मिळाला तो काका कालेलकरांना. आपली गल्लत झाली असावी. कालेलकर मूळ मराठी, जन्म साताऱ्याचा (१८८५). गुजराती असे लिहिले की गांधींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले. मराठी वाचकाने गुजरातीकडे वळायचे तर दरवाजा तो आहे, असे माझे नम्र मत.

---

ठाण्याचाच

नेमस्त साहेब, दोन्ही खरं आहे. कालेलकरांना १९६५ला, ‘जीवन व्यवस्था’साठी. स्वामींना १९६९ला, आणि त्यांनी नाकारला. आणि हे दोघे परके नव्हेत. ‘राष्ट्रमत’ची दोघांचीही उमेदवारी, हिमालयही बरोबर चढले. कालेलकरांच्या ‘हिमालयनो प्रवास’मध्ये जे ‘स्वामी’ येतात ते हेच. पुढे ‘नवजीवन’मध्येही बरोबर. १९२२ला स्वामी आत गेले आणि १९२३ला कालेलकरांचा नंबर लागला. तेव्हा त्या खुर्चीत बसायचं म्हणजे अंथरूण बांधून ठेवायचं.

---

तिरकस

मराठी भाषेची अवस्था काय, नौपाड्यात दुकानांच्या पाट्या कुठल्या भाषेत, आणि आपण चौसष्टाव्या वर्षी गुजराती शिकायला निघालो. चालू द्या. आपल्याकडचे संपादक मेले ते कुणाला आठवत नाहीत.

---

चिकूवाडी

तिरकसराव, हा माणूस आपल्याकडचाच होता हो. थांबा, सांगतो.

मी मूळ घोलवडचा, आता ऐरोलीत. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला, त्याआधी आमचा अख्खा डहाणू पट्टा ठाणे जिल्ह्यातच होता. जमिनीचा उतारा असो की जातीचा दाखला, मोठ्या कामाला ठाणं. सकाळच्या गाडीने निघायचं, कोर्ट नाक्यावर वडापाव खायचा, साहेब जेवायला गेलेले असायचे, परत यायचं. असो, ती वेगळी रड.

स्वामी आनंदांनी बोर्डीला १९३१ला आश्रम काढला, ठाण्यात काढला, वर कुमाऊंत कौसानीला काढला आणि १९५७ला कोसबाडच्या टेकडीवर येऊन राहिले. ‘कुळकथाओ’ आलं तेव्हा ते आमच्याच जिल्ह्याचे रहिवासी होते. एक गुजराती लेखक साहित्य अकादमीला नाही म्हणतो आणि त्याच्या टेकडीच्या पायथ्याला सगळे वारली पाडे. घोलवड स्टेशनला उतरलात तर वाटेत दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या. हंगामात पेट्या भरताना चिकाने हात असे चिकट होतात की पैसे मोजता येत नाहीत.

आणि त्याच साली, १९५७लाच, ताराबाई मोडकांची बालवाडी बोर्डीहून कोसबाडला आली, बरोबर अनुताई वाघ. ताराबाई आम्हाला शाळेत पाठ होत्या: अंगणवाडी, कुरणशाळा, पद्मभूषण. पण त्याच बाई भावनगरला बालशिक्षणवाल्या गिजुभाई बधेकांबरोबर ‘शिक्षण पत्रिका’ गुजरातीतून चालवत होत्या, हे मला चाळिशीत कळलं. आता चित्र बघा. एकाच टेकडीवर एक मराठी बाई, जिची उमेदीची वर्षं गुजरातीत गेली, आणि एक गुजराती साधू, ज्याची उमेदवारी मराठी वर्तमानपत्रांत झाली. बाईंचं नाव आमच्या तोंडी आहे, स्वामींचं एकदाही कुणी घेतलं नाही. शाळेच्या सहली दरवर्षी कोसबाडला जायच्या. डबे खाल्ले, वानरं बघितली, घरी आलो.

प्रूफवालीताई, पुस्तक वाचाच. आणि जमलं तर एकदा जाऊन या. दादरहून डहाणू लोकल मिळते. ठाण्याहून आधी दादरला उलटं जायचं जिवावर येत असेल तर घोडबंदरमार्गे वसई गाठा आणि तिथे लोकल पकडा. फक्त घोडबंदरचं ट्रॅफिक बघून निघा. मी एकदा गायमुखला इतका अडकलो की शेजारच्या गाडीतल्या माणसाशी ओळख झाली.

---

तिरकस

‘केसरी’चं आणि कोसबाडचं माहीत नव्हतं. पाट्यांबद्दलचं माझं मत कायम.

---

प्रूफवाली

उशिरा लिहितेय. मधे तीन आठवडे गेले, सामान बांधणं चाललं आहे.

ठाण्याचाच यांचं ऐकलं. बांच्या त्या रद्दीतूनच गुजराती ‘आत्मकथा’ निघाली. रद्दीवाल्याने वीस रुपये मागितले, बांनी त्याला असं सुनावलं की तो दहावर आला. मराठी प्रत घरात होतीच, यजमानांना बक्षीस मिळालेली. अप्पा पटवर्धनांचा अनुवाद. दोन्ही पुस्तकं पाटावर मांडली, मधे फूटपट्टी, आणि ओळीखाली ओळ सरकवत बसले. प्रूफ वाचायची तीच पद्धत: एकीकडे मूळ प्रत, एकीकडे गॅली. फरक एवढाच की पूर्वी मी चूक शोधायची, आता चूक माझीच असायची.

पहिल्या दिवशी सात ओळी. दुसऱ्या दिवशी अकरा. घ आणि ध यांनी खरंच छळलं.

प्रस्तावनेवर होते. चौथ्या दिवशी एका ओळीत अक्षरं जुळवली: स्वा, मी. पुढचं अक्षर आता ओळखीचं होतं. आ, नंद. मान वळवून मराठीत बघितलं, तिथेही स्वामी आनंद! म्हणजे हे नाव मी पूर्वी वाचलेलं होतं, घरच्याच पुस्तकात, आणि नजर त्यावरून सरकत गेली होती. प्रूफ वाचणाऱ्या बाईने ही कबुली द्यायची म्हणजे नाक कापल्यासारखं आहे.

ती प्रस्तावना तुम्ही वाचली असेल, पण आमच्या धंद्यातल्या माणसाने पुन्हा वाचण्यासारखी आहे. गांधी सांगतात, सहकाऱ्यांच्या आग्रहावरून आत्मकथा लिहायला घेतली होती, पहिलं पान उलटतं न उलटतं तोच मुंबईत दंगल पेटली आणि काम राहिलं. मग येरवड्याचा तुरुंग. तिथे बरोबरच्या कैद्याने, जयरामदासांनी, सांगितलं, बाकी सगळं बाजूला ठेवा आणि हे पुरं करा. तर म्हणे, माझा अभ्यासाचा कार्यक्रम ठरलेला आहे, तो झाल्याशिवाय नाही. शिक्षा पुरी भोगली असती तर लिहूनही झालं असतं, पण अभ्यास संपायला अजून वर्ष बाकी होतं, तेवढ्यात सोडून दिलं! लिहून द्यायचं लांबवणारा लेखक मी पुष्कळ पाहिला. एकाच्या घरी दिवाळी अंकाच्या लेखासाठी सात खेपा घातल्या आहेत, सातव्या खेपेला ते मला लाडू खायला घालून म्हणाले, “सुचतच नाही हो.” पण ‘सरकारने वेळेआधी सोडलं म्हणून राहिलं’ ही सबब मी कुणाच्या तोंडून ऐकली नाही.

आणि मग स्वामी आनंद पुन्हा तेच मागणं घेऊन येतात. त्यांना हवं होतं वेगळं, सलग लिहिलेलं पुस्तक. गांधी म्हणतात, तेवढी सवड नाही. पण ‘नवजीवन’साठी दर आठवड्याला काहीतरी लिहावं लागतंच, मग आत्मकथाच का नको? स्वामी कबूल झाले.

या ‘कबूल झाले’वर मी बराच वेळ थांबले. हट्टी माणसाने म्हटलं असतं, नाही, पुस्तकच द्या, नीट सलग द्या. आणि मग पुस्तक आलंच नसतं. यांनी हप्त्यावर तडजोड केली. २९ नोव्हेंबर १९२५ला पहिला हप्ता आला आणि शेवटचा ३ फेब्रुवारी १९२९ला. सव्वातीन वर्षं आठवड्याच्या आठवड्याला मजकूर येत राहिला. म्हणून ती प्रकरणं एवढाली आहेत, दोन-तीन पानांची. मला इतकी वर्षं वाटायचं ती गांधींची शैली. असेलही. पण त्यात साप्ताहिकाच्या पानाचं माप आहे, ते मला दिसायला हवं होतं. अंकात जेवढी जागा, तेवढंच आयुष्य.

‘अनासक्तियोगा’च्या, म्हणजे गांधींच्या गीतेच्या अनुवादाच्या, प्रस्तावनेतही हेच निघालं, ते बांच्या नातवाने शोधून दिलं. तिथे स्वामी गांधींना जवळजवळ दटावतात: सुटे श्लोक उचलून तुम्ही गीतेतून अहिंसा काढता हे बरोबर नाही, सबंध गीतेचा अनुवाद करा, टिपा द्या, मग आम्हाला तुमचा अर्थ समजेल. संपादक असा असावा. “छान आहे, छापतो” म्हणणारे गल्लोगल्ली मिळतात.

आणि स्वतःचं? ‘कुळकथाओ’ एकोणऐंशीच्या घरात. ‘धरतीनी आरती’, ‘ईशुभागवत’ ही तर १९७७ची, म्हणजे ते गेल्यानंतरची. २५ जानेवारी १९७६ला ते मुंबईत वारले. दुसऱ्यांचं छापून काढण्यात जन्म गेला आणि स्वतःचं राहिलं, असं म्हणून हळहळणार होते. बांना तसं म्हटलंही. त्या वांगी चिरत होत्या. म्हणाल्या, राहिलं कुठे, तुझ्या हातात आहे ना. बा मला गेल्या आठवड्यापासून अगंतुगं करायला लागल्यात, शिकवायला लागल्यापासून.

‘कुळकथाओ’ची साडेतीन पानं झाली आहेत. बरोबर सांगत होतात, एका ओळीत तीन शब्द अडतात. पण मधूनच एखादा शब्द असा येतो की मी तो आजीच्या तोंडून ऐकलेला असतो. तेव्हा मी पेन्सिलीने समासात खूण करते. चूक नाही, नुसती खूण. सवय जात नाही.

चिकूवाडी, कोसबाडला दिवाळीनंतर जाईन म्हणते. गायमुखची भीती आहे, तेव्हा दादरहूनच.

---

ठाण्याचाच

बेन, तीन आठवड्यांत कुळकथाची साडेतीन पानं? मी वडिलांच्या कपाटातून माझी प्रत काढली. माझी दोन झाली आहेत, आणि मी जन्माचा गुजराती. अडलेले शब्द इथेच टाकत चला.

---

नेमस्त

दुरुस्ती मान्य. १९६९ची नोंद मी तपासली, आपले बरोबर होते.

---

प्रूफवाली

टाकते की. बा शनिवारी गेल्या. टेम्पो आला, कपाट गेलं, तुळशीची कुंडी माझ्याकडे राहिली. आता रात्री नऊला फोन लावते आणि एक परिच्छेद मोठ्याने वाचते. काल एका वाक्याला त्या हसायला लागल्या त्या थांबेनात. मी ‘धर’ असलेलं सगळीकडे ‘घर’ वाचलं होतं, आणि त्या वाक्यात एक म्हातारी कुणाला तरी सांगत होती की दिवा नीट धर.